दारूबंदीचा आग्रह आणि पिणाऱ्याचा जीव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



दारूबंदी ही समाजवादी चळवळीची जुनी मागणी आहे. तिच्यासाठी स्त्रियांनी मोर्चे काढले, गुत्ते बंद पाडले, आणि त्यामुळे कित्येक मजुरांच्या घरची चूल पेटती राहिली. त्या आग्रहाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु जो मजूर आज रात्रीही पिणारच आहे, त्याच्याविषयी चळवळीचे कर्तव्य काय, हा प्रश्न त्या आग्रहाने सुटत नाही.

जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून अधिक माणसे मेली. महाराष्ट्रात परवान्याची दुकाने होती. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटाद परिसरात ४० हून अधिक आणि त्याच वर्षी डिसेंबरात बिहारच्या सारण जिल्ह्यात ७० हून अधिक बळी गेले. या दोन्ही राज्यांत दारूबंदी होती. जून २०२४ मध्ये तामिळनाडूतील कल्लाकुरिची येथे ६० हून अधिक माणसे दगावली. तेथे तर किरकोळ विक्री सरकारच्याच हाती होती. धोरणे तीन तऱ्हांची. मरणारा वर्ग मात्र मुख्यतः एकच, हातावर पोट असलेल्यांचा. कारखान्यांसाठी बनणारे मिथेनॉल स्वस्त असते, ते चोरवाटेने गुत्त्यापर्यंत पोहोचते, आणि स्वस्त नशा शोधणारा मजूर त्याला बळी पडतो.

मिथेनॉलपासून शरीरात फॉर्मिक आम्ल तयार होते आणि दृष्टीचा मज्जातंतू जळतो. गंभीर लक्षणे दिसू लागण्यास पुष्कळदा १२ ते २४ तास लागतात. या अवधीत रुग्णालय गाठले तर फोमेपिझोल, ते नसल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले इथेनॉल, आणि डायलिसिस यांनी माणूस वाचू शकतो. पण जेथे पिणे हाच गुन्हा आहे, तेथे घरचे लोक पोलिसांच्या धास्तीने दवाखान्याची पायरी चढण्यास कचरतात. तो वेळ जिवावर बेततो.

दुसरा धोका दारू एकाएकी तुटण्याचा. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली तर हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो. उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दुकाने बंद झाली, तेव्हा केरळात काही व्यसनग्रस्तांनी आत्महत्या केल्या. सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा हुकूम काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला विरोध केला आणि एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. डॉक्टरांचे म्हणणे रास्त होते: या अवस्थेवर औषधे आहेत. मग ती औषधे आणि थायमिन हे जीवनसत्त्व तालुक्याच्या रुग्णालयात हमखास मिळाले पाहिजे. गुत्ता बंद करण्याच्या दिवशी त्या वस्तीत डॉक्टरही पोहोचला पाहिजे.

ही तर दारूपुढे शरणागती झाली, असा आक्षेप येईल. अतिसार झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजणारी आई नळाला शुद्ध पाणी आणण्याची मागणी सोडून देत नाही. आजचा जीव आजच वाचवावा लागतो. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात दारूबंदीचा निर्देश आहे; पण त्याच अनुच्छेदात, त्याच्याही आधी, जनतेचे पोषण, राहणीमान आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य सांगितले आहे. दारूबंदी त्या कर्तव्याचा भाग आहे. तिच्या नावाखाली पिणाऱ्याला मरू देणे घटनेच्या आशयाशी विसंगत ठरते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. विषबाधेने दवाखान्यात येणाऱ्या रुग्णावर खटला भरला जाऊ नये. मिथेनॉलच्या प्रत्येक पिंपाचा हिशेब कारखान्याकडून घेतला जावा. दारूवरील उत्पादन शुल्काचा ठरावीक वाटा व्यसनोपचारासाठी राखून ठेवावा. आणि मजुरी घरातील स्त्रीच्या हाती पडेल, अशी व्यवस्था संघटनेने मालकाकडून करून घ्यावी.

कार्यकर्त्यांनी वस्तीत आणखी एक गोष्ट सांगावी: प्यायल्यानंतर डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात कळा आल्या, तर सकाळची वाट पाहू नका. मेलेल्या माणसाची दारू कोणालाही सोडवता येत नाही.