रोषणाईची किल्ली कोणाकडे?
(मंडळाच्या उत्सवपूर्व सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

सजावट समितीने मला बजावले आहे, "रोषणाईच्या कंट्रोलरवर बोला, पण समजेल असे बोला." म्हणून एका आठवणीपासून सुरुवात करतो.

२०१४ हे आपले रौप्यमहोत्सवी वर्ष. आदल्या रात्री कमानीवरच्या एलईडी फलकाचे बटण दाबले आणि अक्षरे झळकली, 'वर्ष २४ वे'! मजकूर बदलायचा तर कंट्रोलर लॅपटॉपला जोडायला हवा. जुना लॅपटॉप उन्हाळ्यातच बंद पडलेला. नव्यावर ६४-बिटची विंडोज, कंट्रोलरचा ड्रायव्हर मात्र ३२-बिटचा. तसा ड्रायव्हर तिथे चालतच नाही. विक्रेता म्हणाला, "नवा कंट्रोलर घ्या." शेवटी फलक बंद करून रात्री दीड वाजता पुठ्ठ्याचे '२५' चिकटवले. बंगळुरात पंचवीस वर्षे टिकलेले मंडळ, आणि स्वतःचे वय सांगता येईना!

दोष दिव्यांचा नव्हता. आज सर्रास मिळणाऱ्या डब्ल्यूएस २८१२ या पिक्सेलचे पाहा. प्रत्येक दिव्याला रंगासाठी २४ बिट लागतात आणि एक बिट सुमारे सव्वा मायक्रोसेकंदात जातो. ३०० दिव्यांची माळ जेमतेम ९ मिलिसेकंदांत भरते. एकाच वेळी दहा कामे करणाऱ्या विंडोज किंवा लिनक्सला असा काटेकोर ठेका धरणे कठीण. सरचिटणिसांच्या हाती टाळ देऊन आरतीचा ठेका सांभाळायला सांगण्यासारखेच ते! म्हणून ठेका कंट्रोलर धरतो. संगणकाने फक्त नक्षी त्याच्या हवाली करायची.

ही हवाली करण्याची वाटच महत्त्वाची. कंपनीचा खास ड्रायव्हर लागत असेल, तर संगणक बदलला की वाट बंद होऊ शकते. एसडी कार्डाचे कंट्रोलर बरे; पण कार्डावरची फाइल बनवणारे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजपुरतेच असते. 'ब्लिंक-वन' हा छोटा यूएसबी दिवा कीबोर्ड-माऊसच्या जातीचा म्हणून ओळख देतो. त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लिनक्सवर परवानगीचा एक नियम तेवढा लिहावा लागतो. सजावटीसाठी मला सर्वांत सोयीचे वाटते ते ईएसपी ३२ बोर्डावरचे 'डब्ल्यूएलईडी' हे मुक्त सॉफ्टवेअर. बोर्ड स्वतःचे वाय-फाय देतो, मोबाइलच्या ब्राउझरमधून नक्षी बदलते, इंटरनेटही लागत नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अनेकांचे लॅपटॉप बदलतील, आणि २०१४ ची रात्र पुन्हा येऊ शकेल.

म्हणून एस. पी. रोडवर खरेदीला जाल तेव्हा दिव्यांची संख्या नंतर विचारा. आधी विचारा, "नक्षी कोणकोणत्या संगणकांवरून भरता येते? नक्षीची प्रत बाहेर काढून ठेवता येते का?" आणि ती प्रत, सॉफ्टवेअर व एका कागदावर लिहिलेली कृती मंडळाच्या कपाटात ठेवा. आपल्यापैकी कोणाची बदली कधी पुण्याला होईल, कोणाची परदेशी, सांगता येत नाही. माणसे जातील, लॅपटॉप जातील. रोषणाईची किल्ली मंडळाकडेच राहिली पाहिजे.

गणपती बाप्पा मोरया!