सत्कार झाला, पुढे काय?

(वरूड येथे दहावी-बारावीच्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज या विहारात पुढल्या रांगेत बसलेल्या मुलामुलींचे मी प्रथम अंतःकरणपूर्वक अभिनंदन करतो. त्यांच्या गुणांचे आकडे आताच वाचून दाखविण्यात आले. त्या आकड्यांमागे काय आहे, हे वरूडकरांना निराळे सांगावयास नको. आपल्या तालुक्यात मृगबहाराची संत्री आणि बोर्डाची परीक्षा यांचा हंगाम एकच. फेब्रुवारी-मार्चात आईबाप पहाटेच तोडणीला जातात. घरी धाकटी भावंडे, चूल आणि पाणी हे सारे परीक्षेला बसलेल्या मुलीवरच पडते. कित्येक मुले सुट्टीच्या दिवशी स्वतः पेट्या भरून आली आणि सोमवारी गणिताच्या पेपराला बसली. अशा मुलांनी मिळविलेला एकेक गुण शहरातील शिकवणीवर्गाच्या गुणाहून मला अधिक वजनाचा वाटतो.

सत्कार करणे ही आपल्यात काही नवी रीत नाही. आपणां सर्वांना बौद्ध करणारी जी घटना पुढे १९५६ साली घडली, तिचा एक धागा अशाच एका लहानशा सत्कारसभेत सापडतो. भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून मुंबईतील आपल्या लोकांनी सभा भरविली. चरित्रकार ही सभा १९०७ च्या मॅट्रिकच्या वेळची मानतात. बाबासाहेबांनी ६ एप्रिल १९५६ रोजी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तीत मात्र ते इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख करतात. ही प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, त्यामुळे पुष्कळांच्या वाचनात ती नाही. वर्ष कोणते, हा वाद अभ्यासकांनी मिटवावा. त्या प्रस्तावनेतील एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे.

सुभेदार रामजी या सभेच्या विरुद्ध होते! मुलाने एक परीक्षा दिली, याहून अधिक काय केले आहे? अशा कौतुकाने त्याचे डोके फिरेल, असे त्यांचे म्हणणे होते. लोक हिरमुसले आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेले. केळुसकर विद्वान, ग्रंथकार आणि रामजींचे स्नेही. त्यांनी रामजींची समजूत घातली व सभा झाली. सभेच्या शेवटी त्यांनी त्या मुलाच्या हाती स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र दिले. ते वाचून आपण फार प्रभावित झालो आणि बुद्धाकडे वळलो ते त्या पुस्तकाच्या साह्याने, असे बाबासाहेबांनीच नमूद केले आहे.

माझ्या मते रामजी आणि केळुसकर हे दोघेही बरोबर होते. नुसते कौतुक मुलाला बिघडविते, ही रामजींची भीती खोटी नव्हे. केळुसकरांचा मोठेपणा असा की, त्या दिवशी सभा संपली तरी त्यांचे काम संपले नाही. ते त्या मुलाला पुस्तके देत राहिले. पुढे इंटर झाल्यावर पैशावाचून शिक्षण थांबते की काय अशी वेळ आली, तेव्हा त्यांनीच त्याला सयाजीराव गायकवाड महाराजांपर्यंत नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या बळावर बी. ए. झाले, बडोद्याच्याच साह्याने १९१३ साली कोलंबिया विद्यापीठ गाठता आले. केळुसकर जर हार घालून घरी गेले असते तर?

समोरच्या मेजावर शाली आहेत, नारळ आहेत. संयोजक मंडळींनी राग मानू नये; परंतु बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांच्या सभेत नारळाचे प्रयोजन काय, हे मला कळलेले नाही. तो सवयीने आला असावा. पुढल्या वर्षी तेवढ्याच पैशांत प्रत्येकास एकेक पुस्तक येईल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मी वकील आहे आणि केळुसकरांचे उरलेले काम आज बहुतांशी कागदांचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडच्या वर्षांत धम्मदीक्षा घेतली. दीक्षेच्या दिवशीचा आनंद आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या कचेरीत उभे राहिल्यावर वाटणारी धास्ती, ही दोन्ही मी जवळून पाहिली आहेत. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले तर मुलाची शिष्यवृत्ती बुडेल काय, हा प्रश्न माझ्याकडे येणारे दर दुसरे गृहस्थ हळूच विचारतात. ही भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. एके काळी ती पूर्ण खरी होती. १० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात असे कलम होते की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म पाळणाऱ्यास अनुसूचित जातीचा मानू नये. १९५६ साली शिखांचा त्यात समावेश झाला, बौद्धांचा झाला नाही. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांनी सवलतींवर पाणी सोडून घेतली. तरीही १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या मुलुखात जेमतेम अडीच हजार बौद्ध होते, ते १९६१ च्या जनगणनेत सुमारे २७ लाख ९० हजार झाले. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले, तेव्हा राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांस लागू केल्या. केंद्राने मात्र १९९० पर्यंत वाट पाहावयास लावली. त्या वर्षी संसदेने कायदा दुरुस्त केला. तेव्हापासून हिंदू, शीख व बौद्ध या तिन्ही धर्मांतील अनुसूचित जातींच्या व्यक्तींना समान स्थान आहे.

चौतीस वर्षे! या काळात कित्येक घरांत सायंकाळी बुद्धवंदना होई आणि शाळेच्या नोंदवहीत ‘हिंदू’ राही. पोराचे शिक्षण तुटू नये म्हणून ज्यांनी तसे लिहिले, त्या वडीलधाऱ्यांना मी दोष देत नाही. परंतु आज तसे लिहिण्याचे कारण उरलेले नाही, हे आपण पक्के ध्यानात घ्यावे. धर्माच्या रकान्यात बौद्ध असे निर्भयपणे लिहावे.

आणि जातीच्या रकान्यात? येथे आपल्या तरुणांशी माझा मतभेद होतो. ते म्हणतात, ‘वकीलसाहेब, जात सोडली म्हणून तर दीक्षा घेतली, मग पुन्हा महार, मांग कशाला लिहावयाचे?’ म्हणून ते तेथेही ‘बौद्ध’ लिहितात, किंवा रेघ मारतात. त्यांची भावना मला समजते. परंतु आदेशातील यादी जातींची आहे आणि ‘बौद्ध’ हे त्या यादीतील नाव नव्हे. ज्या जातीवर अन्याय झाला तिच्यातून आपण आलो, एवढेच तो रकाना विचारतो. त्यात मूळ जात लिहिल्याने आपण ती जात मानतो असे होत नाही. जखम बरी झाली तरी इस्पितळाचा कागद कोणी फाडून टाकीत नाही. आपल्याला मिळावयाचा दाखला ‘अनुसूचित जातीतून बौद्ध धर्मात धर्मांतरित’ या स्वरूपाचा असतो आणि त्यात मूळ जातीचा उल्लेख असावाच लागतो.

दाखला मिळाला म्हणजे झाले, असेही नाही. बारावीनंतर वैद्यकीय, अभियांत्रिकी आदी अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश घ्यावयाचा, तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते अमरावतीच्या जिल्हा पडताळणी समितीकडून मिळते. या कामी महाराष्ट्राचा २००० सालचा कायदा आहे आणि त्यातील आठव्या कलमाने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. सरकारने आपणांस खोटे ठरवावे असे नसून, आपणच आपले म्हणणे खरे करून दाखवावयाचे असते. पुरावा शक्यतो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा हवा : आजोबा-पणजोबांच्या शाळेतील प्रवेशाची नोंद, किंवा कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल, तर त्याची प्रत फार मोलाची. चुलत्याशी धुऱ्यावरून बोलणे बंद असेल, तर एवढ्यासाठी तरी ते सुरू करावे!

एका मुलीची हकीगत सांगतो. बारावीला शास्त्र शाखेत उत्तम गुण. बाप शेतमजूर, स्वतः न शिकलेला. प्रवेशाची मुदत संपण्यास चार दिवस उरले असता ते माझ्याकडे आले. पणजोबांच्या नावाची नोंद मिळेना. अर्ज अपुरा राहिला आणि त्या वर्षीची जागा गेली. दिवाळीनंतर तीच नोंद जुन्या कोतवाल बुकात निघाली. नावात एका अक्षराचा फरक होता, म्हणून आधी कोणाच्या नजरेस आली नव्हती. ती मुलगी पुढल्या वर्षी लागली, परंतु घरात एक वर्ष कसे गेले ते मी पाहिले आहे. हा अर्ज अकरावीतच, महाविद्यालयामार्फत केला असता तर ते वर्ष वाचले असते. नावातील, जन्मतारखेतील, धर्माच्या नोंदीतील चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्याचा दाखला हाती पडला की तीच दुरुस्ती दहापट अवघड होते.

वरूडपुरता आणखी एक घोळ आहे. आजोबांच्या कागदावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ किंवा ‘मध्यप्रदेश’ असा शिक्का असतो. कोणी तो पाहून म्हणतो की, हे तर परराज्यातले. आणि घरचे लोक घाबरून कागद पेटीत परत ठेवतात. असे करू नका. १९५० साली अवघा वऱ्हाड मध्यप्रदेशातच होता आणि नागपूर त्याची राजधानी होती. वऱ्हाड मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे दीक्षेनंतर अठरा दिवसांनी. त्या शिक्क्याने आपला हक्क जात नाही. ज्यांचे वाडवडील १९५० साली मुलताई-पांढुर्ण्याकडे राहत होते, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी दाखल्याचा अर्ज करण्यापूर्वी सल्ला घ्यावा. सूनबाई पलीकडल्या असतील तर मात्र काळजी नको, कारण सर्वसाधारणपणे मुलांचे कागद बापाकडून पाहिले जातात.

शिष्यवृत्त्यांविषयी थोडक्यात. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. दहावीला ७५ टक्के वा अधिक गुण असणाऱ्यांस अकरावी-बारावीत राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, आणि हेच पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

आता मुलींविषयी बोलणे भाग आहे, कारण आज ज्यांचा सत्कार झाला त्यांतील काहींच्या घरी स्थळे पाहणे चालू आहे, असे माझ्या कानावर आले आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरास अखिल भारतीय दलित महिलांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या, आपल्या अमरावतीच्या. त्या परिषदेत बाबासाहेबांनी आयाबहिणींना स्पष्ट बजावले की मुलांना शिकवा आणि त्यांच्या लग्नाची घाई करू नका. त्या मंडपात आपल्यापैकी कोणाची आजी-पणजी बसलीही असेल. तेव्हाच्या निरक्षर बायांनी जे ऐकून घेतले, ते आज आपल्याला पुन्हा सांगावे लागते, याची मला लाज वाटते. २०११ च्या जनगणनेत देशाचे साक्षरतेचे प्रमाण ७३ टक्क्यांच्या आसपास, तर बौद्धांचे ८१ टक्क्यांच्या वर होते. हा आकडा मुलींना चुलीपाशी बसवून आलेला नाही.

वसतिगृहाशिवाय खेड्यातील मूल शिकत नाही, ही गोष्ट या जिल्ह्याने फार पूर्वी ओळखली होती. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीस बसविली. शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी तर पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्याने स्वतः गाडगे हाती घेऊन जन्म काढला, त्याने इमारत दिली. आपण या विहाराच्या मागची एक खोली, दिवा आणि चार बाके देऊ शकतो. फेब्रुवारी-मार्चात जेव्हा बागा तोडणीला येतात, तेव्हा बेनोड्याची, जरूडची, शेंदुरजनाघाटची परीक्षार्थी मुले तेथे रात्री बसू शकतील. कोणाच्या घरी एक वेळची भाकर जास्त होईल. हा हिशेब कार्यकारिणीने आजच मांडावा. सभा उठली की माणसे घराकडे पांगतात.

मी माझ्या वाट्याचे सांगतो. येत्या रविवारी सकाळी आठपासून मी याच विहारात बसणार आहे. ज्यांची मुले आठवी ते अकरावीत आहेत, त्यांनी घरातील जुने कागद घेऊन यावे. पत्र्याच्या डब्यात, उतरंडीखाली, पोथीच्या पानांत जे असेल ते सर्व आणा. फाटलेले असेल तर चिकटवू नका, तसेच आणा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी संकोच करू नये. आज सत्कार झालेली बारावीची चार मुले माझ्याबरोबर वाचून द्यावयास बसतील, असे त्यांनी मघाशीच मला कबूल केले आहे.

जयभीम.