अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध : क्रांती की केवळ सत्तांतर?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आमचे सारे आयुष्य मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यात गेले. त्यामुळे कार्यकारी मंडळाने व्याख्यानाची आज्ञा केली तेव्हा आम्ही वर्गातलाच विषय निवडला. अमेरिकेतील तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाचे जोखड झुगारून दिले, ही हकीकत आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. तिला क्रांती म्हणण्याचा प्रघात आहे. ती खरोखर क्रांती होती की केवळ धनी बदलले, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम पूर्वपक्ष पाहू. भांडणाचे मूळ करात होते. १७६५ साली मुद्रांकाचा कर आला. १७७३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या बोस्टनच्या बंदरात फेकल्या गेल्या. ही तीच कंपनी, जी त्या काळी आपल्या देशात पाय पसरीत होती. लढ्याचे पुढारी वॉशिंग्टन व जेफर्सन हे मोठे जमीनदार, आणि त्यांची शेते गुलामांच्या घामावर पिकत. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, असे १७७६ च्या जाहीरनाम्यात जेफर्सनने लिहिले. त्याच जेफर्सनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा मजकूर त्याच्या मसुद्यात होता, तो काँग्रेसने गाळला. उलट १७७५ साली व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर याने, बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या सैन्यात येतील ते मुक्त, असे जाहीर केले. तेव्हा गुलामाने स्वातंत्र्य कोणाकडे मागावे? पुढे १७८७ च्या घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरला गेला. गुलामास मत नव्हते. त्याच्या मोजणीने वजन वाढले ते त्याच्या धन्याच्या प्रांताचे.

आता उत्तरपक्ष. जगात जिकडेतिकडे राजे असता राजावाचून एवढे राष्ट्र चालू शकते, हे या लोकांनी दाखविले. सरकारने कोणासही सरदारकीची पदवी देऊ नये, असे घटनेत लिहिले. मृत्युपत्र नसल्यास सारी जमीन थोरल्या मुलाकडे जाण्याची चाल व्हर्जिनियात १७८५ च्या कायद्याने मोडली. पेनसिल्व्हेनियाने १७८० साली गुलामगिरी क्रमाक्रमाने नाहीशी करण्याचा कायदा केला. आणि १७८१ साली मॅसॅच्युसेट्समध्ये एलिझाबेथ फ्रीमन ही गुलाम स्त्री न्यायालयात गेली. राज्याच्या नव्या घटनेतील समतेच्या कलमाचा आधार तिच्या बाजूने घेण्यात आला आणि ज्यूरीने तिला मुक्त केले. निरक्षर बाई, परंतु त्या कलमाचा अर्थ तिला पुष्कळ विद्वानांपेक्षा स्पष्ट कळला होता.

आमचा निर्णय असा की, त्या लढ्यातील पुढारी अर्ध्या वाटेवर थांबले. ज्यांना त्यांनी वगळले, त्यांनी तो लढा पुढे नेला. अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स या बाईंनी मार्च १७७६ मध्ये पतीस पत्र लिहून नव्या कायद्यात स्त्रियांचे स्मरण ठेवा, असे विनविले. पतिराजांनी ते हसण्यावारी नेले. देशभर स्त्रियांचा मताधिकार घटनेत येण्यास १९२० साल उजाडले. गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८५२ साली भर सभेत विचारले, तुमच्या स्वातंत्र्यदिनाशी गुलामाचा काय संबंध? त्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास चार वर्षांचे यादवी युद्ध लागले आणि १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली.

हे दूरदेशचे पुराण आम्ही येथे का लावले? महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. स्वातंत्र्ययुद्धाच्या सेनापतींस त्यांनी तो अर्पण केला नाही, हे ध्यानी घ्यावे. आपल्या मानेवरचे जोखड फेकणारा शूर खरा. पण आपण दुसऱ्याच्या मानेवर ठेवलेले जोखड जो स्वहस्ते उतरवितो, त्याचे काम अधिक कठीण. जोतीरावांनी मान दिला तो या दुसऱ्याला.

बंधूंनो, आपल्या मंडळासही हीच कसोटी लावावी. वरच्या म्हणविणाऱ्यांनी आपणांस समान मानावे, असे ठराव आपण करतो. ते योग्यच आहेत. परंतु आपल्याच ज्ञातीतील पोटशाखेशी सोयरीक करताना आपण का अडखळतो? मुलाचा हुंडा ठरविताना आणि मुलीचे शिक्षण थांबविताना समता कोठे जाते? आपल्या उंबरठ्याशी काम करणाऱ्याला पाणी देण्याचे भांडे अद्याप वेगळे आहे काय? ज्या घरी असेल, त्या घरी जाहीरनामा झाला, क्रांती व्हावयाची आहे.

पुढील संमेलनापूर्वी प्रत्येक कुटुंबाने यांपैकी एक तरी गोष्ट मोडावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.