शिसे घरी नेऊ नका

(मनीमाजरा येथे रेल्वे कामगार व त्यांच्या कुटुंबीयांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज महागाई भत्त्यावर बोलणार नाही. इथे काही भगिनी गरोदर आहेत, काहींच्या मांडीवर तान्ही मुले आहेत. विषय त्यांचा आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस. डॉक्टरांकडून समजून घेतले तेवढेच सांगतो.

डब्याखालच्या बॅटऱ्यांत शिसे असते. टर्मिनलवरची पांढरी भुकटी आपण हाताने घासतो. पुलांच्या गर्डरना वर्षानुवर्षे रेड लेडचा हात दिला गेला. तो जुना रंग खरवडला की शिशाचीच धूळ उडते. मी बॅटरी रूमला लागलो तेव्हा साबण मागितला तर साहेब हसले. तीच डांगरी मी घरी नेई, आणि बायको ती घरच्या कपड्यांबरोबर धुई. आमची थोरली तेव्हा पोटात होती. तिच्या रक्तात काय गेले, कुणी तपासलेच नाही.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडात साठवते. तिथे ते कित्येक वर्षे राहते. बाई गरोदर राहिली की बाळासाठी तिच्या हाडांतून कॅल्शियम निघते, आणि जुने शिसेही त्याबरोबर निघते. वार ते अडवत नाही. नाळेच्या रक्तात ते जवळजवळ आईइतकेच सापडते. गर्भपात, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, कमी वजन यांचा धोका वाढतो, आणि पुढे मूल अभ्यासात मागे पडू शकते. जन्मताना मात्र बाळ गुटगुटीतही दिसू शकते, म्हणून अनेकदा कुणाला शंकाही येत नाही.

1998-99 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई-दिल्लीच्या तीन वर्षांखालील मुलांचे रक्त तपासले होते. बहुतेकांत डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली याच 5 च्या आकड्याला शिशाचा उगम शोधून तो बंद करा असे सांगितले. सुरक्षित पातळी तर कुठलीच नाही. 2000 साली पेट्रोलमधले शिसे गेले, 2017 पासून घरगुती रंगांवर मर्यादा आली. ते चांगलेच झाले. पण बॅटऱ्या राहिल्याच.

1921 साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने करार केला: पांढऱ्या शिशाच्या औद्योगिक रंगकामावर स्त्रिया व 18 वर्षांखालील मुले नकोत. बाईला कामाच्या दारात अडवले खरे, पण भुकटी नवऱ्याच्या खिशातून तिच्यापर्यंत जातेच!

म्हणून आपण मागतो ते असे. डांगरी धुण्याची सोय कामाच्या जागीच हवी, घरच्या आणि कामाच्या कपड्यांना वेगळी कपाटे हवीत, साबण आणि नळ हवा. शिशाजवळ काम करणाऱ्याचे रक्त ठरावीक काळाने तपासावे आणि तो कागद त्याच्या हातात द्यावा. घरात कुणी गरोदर असेल तर तिचीही तपासणी रेल्वेच्या दवाखान्यात व्हावी. तोवर ड्यूटी संपल्यावर हात-तोंड धुऊन, कपडे बदलूनच मुलाला उचला. गरोदर भगिनींनी कॅल्शियमच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावे, दूध-दही टाळू नये.

ठरावाचा मसुदा टेबलावर ठेवला आहे. सही करायला घरच्या बाईलाही पुढे आणा. डांगरी धुते ती तीच.