कळलावीचे सात दिवस



फोटोंविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे एकही फोटो न दाखवता बोलायचं. तेव्हा आधी एका फुलाविषयीच सांगते.

साताऱ्याच्या आमच्या घरामागं निवडुंगाचं जुनं कुंपण आहे. पहिला पाऊस झाला की त्यातून कळलावीचा कोंब वर येतो. या वेलीच्या पानाचं टोक लांबत जातं आणि त्याचाच आकडा होतो. तो आकडा मिळेल तिथं अडकवत ती कुंपणावर चढते. श्रावणात कळी धरते, हिरवी, खाली मान घातलेली. उमलताना सहाही पाकळ्या मागं वळून वर जातात आणि पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात. पहिल्या दिवशी पाकळ्या हिरवट पिवळ्या असतात. मग तांबडा रंग चढू लागतो. चारपाच दिवसांत पिवळा फक्त कडेला आणि तळाशी उरतो, आणि शेवटी सगळं फूल गडद लाल होतं.

हे मला लहानपणापासून माहीत होतं असं वाटायचं. पण एका श्रावणात मी कुंपणाजवळच्या एका दगडावर बसून रोज सकाळी सात वाजता त्याच फुलाचा फोटो घेतला. सात दिवसांचे सात फोटो. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. मी ते फोटो ओळीनं मांडून तिच्यापुढं धरले. तिनं सावकाश एकेक पाहिला आणि म्हणाली, "बाय, हे सगळं एकच फूल?" मग थोड्या वेळानं, "आमच्या कोकणात ह्याला गौरीचे हात म्हणायचे." त्या दिवसापासून फुलांचे फोटो हा माझा छंद राहिला नाही, आमच्या घरातलं पंचांग झालं. मी फोटो आणायची आणि आई महिना सांगायची.

पावसाळ्यातला उजेड फुलांसाठी सर्वांत चांगला. आभाळ भरलेलं असलं की सावल्या पडत नाहीत, पाकळीवरची बारीक शीरसुद्धा दिसते. कास पठार आमच्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटर. समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंचीवरचं हे जांभ्याचं पठार पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं. जांभ्यावर माती वीतभरही नाही. मोठं झाड तिथं उभं राहू शकत नाही, म्हणून लहानांचं राज्य आहे. भाद्रपदात तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचे पांढरे ठिपके, हे तर रस्त्यावरूनही दिसतं. मला ओढ असते ती सीतेच्या आसवांची. निळसर जांभळं फूल, करंगळीच्या नखाएवढं. त्याच्या मुळाशी, ओल्या मातीत, सुईच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीला लागला की दार उघडून आत ओढला जातो. त्या मातीत नत्र कमी, म्हणून ही सोय. शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती. तिच्या पानांवरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात, आणि ऊन मागून आलं की प्रत्येक थेंब पेटतो. उन्हात दव आटतं. हे थेंब आटत नाहीत, त्यांच्यावर बसलेलं चिलट उठत नाही.

अशा फुलाचा फोटो घ्यायला त्याच्या उंचीवर उतरावं लागतं. मी पायवाटेच्या कडेच्या उघड्या खडकावर पालथी पडते, कोपरं टेकते, श्वास धरते आणि वारा थांबायची वाट बघते. पायवाट सोडत नाही. स्वतःचा फोटो काढून घेण्यासाठी तेरड्याच्या ताटव्यात बसलेली माणसं पाहिली की पोटात तुटतं. तेरडा वर्षायू आहे. बी धरण्याआधी तो चिरडला, तर पुढच्या वर्षीचा तेरडाही तिथंच संपतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. निदान ते तीन दिवस तरी त्याला मिळावेत.

थंडीत मी रानातून शेतात येते. रब्बीतली फुलं फुलं म्हणून कुणी बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. हरभऱ्याचं जांभळट फूल, करडईचा काटेरी पिवळा गोंडा, आणि सर्वांत देखणं जवसाचं. निळं, कागदाहून पातळ, सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. नऊ वाजता बांधावर पोचलं नाही तर त्या दिवशीचं जवस गेलं. रोलचा कॅमेरा होता तेव्हा काही निळ्या फुलांचे फोटो गुलाबी यायचे. मला वाटायचं, धुणाऱ्याचं चुकलं. पुढं कळलं की तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ही फुलं परत फेकतात, आणि फिल्मला तो थोडा जाणवतो. आपल्याला निळं दिसणारं फूल आणखीही काही असतं, हे छत्तीस फोटोंच्या त्या रोलनं मला शिकवलं.

फाल्गुनात सावर, पांगारा, पळस. पळसाचं फूल टिपणं फार अवघड. भर उन्हात त्याचा केशरी लाल इतका प्रखर येतो की पाकळीचा पोत हरवून नुसता रंगाचा डाग उरतो. मी उजेड मुद्दाम कमी घेते, म्हणजे पोपटाच्या चोचीसारखा बाक आणि देठाकडची ती काळी मखमल दोन्ही राहतात. चैत्र-वैशाखात बहाव्याची झुंबरं, आणि एक मेच्या सुमाराला ताम्हण, आपलं राज्यपुष्प. तिची पाकळी चुण्या पडलेल्या जांभळ्या क्रेपसारखी असते.

शेवटच्या वर्षी आईची नजर अधू झाली होती. पळसाचा फोटो तिनं डोळ्यांजवळ धरला, काळ्या देठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "होळी जवळ आली गो." होळीला आठ दिवस होते. त्या वर्षीची कळलावी मी तिला दाखवू शकले नाही. तरी सातही दिवस फोटो घेतले, सात वाजता, त्याच दगडावरून.

आता ज्येष्ठ चालू आहे. कुंपणाशी नुसती कोरडी माती आहे. कळलावीचा कंद खाली आहे, कोंब अजून आलेला नाही. काल संध्याकाळी दगडाभोवतीचं गवत काढून ठेवलं.