मागची बाजू कोण बघणार?

(चंद्रपूर येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला आज 'एआय'वर बोलायला सांगितलं आहे. पण मी सुरुवात एका कागदापासून करतो. राजुरा तालुक्यातल्या एका चाचींच्या पेटीतला हा कागद. राजुरा पूर्वी निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो नांदेडला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. म्हणून तिथले जुने महसुली कागद उर्दूत सापडतात. चाचींचाही तसाच होता.

या कागदाला एवढं महत्त्व का? २००६च्या वनहक्क कायद्यात आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. चाचींसारख्या 'इतर पारंपरिक वननिवासी' कुटुंबाला मात्र त्या तारखेआधीचं तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. म्हणजे थेट १९३० पर्यंत मागे जायचं. एक पान हरवलं तर एक पिढी पुसली जाते.

असे पुरावे एका जागी जमा करून वनहक्क समितीच्या हाती द्यावेत, म्हणून आम्ही एआय एजंट वापरून पाहिला. एजंट म्हणजे सांगितलेल्या कामाच्या पायऱ्या स्वतः ठरवून ते करणारा प्रोग्रॅम. त्याला स्वतःचे हात नसतात. आपण दिलेली अवजारं, म्हणजे 'टूल', तो वापरतो. आमचं टूल होतं फाईल अपलोड करण्याचं. हे टूल आतून कसं चालतं ते एजंटला दिसत नाही. त्याचं नाव, त्याचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती द्यायची याची यादी, एवढंच तो वाचतो. आमच्या वर्णनात एकच ओळ होती : 'फाईल अपलोड करते.'

चाचींच्या कागदाचे चार फोटो होते. एजंटने पहिला चढवला, बाकीचे एकाच कागदाचे म्हणून सोडले आणि कळवलं, 'काम पूर्ण.' आम्हीही खूश. चाचींना स्क्रीनवर दाखवलं, तर त्यांनी विचारलं, "बेटा, मागची बाजू कुठंय? शिक्का तर मागे आहे."

चूक यंत्राची म्हणून सोडून देता आली असती. पण चूक आमच्या एका ओळीची होती. नव्या माणसाला तहसीलला पाठवताना आपण त्याला किती सांगतो! कोणाला भेट, काय दे, पोच घे, नाही घेतलं तर कागद परत आण. यंत्राला मात्र आम्ही तीन शब्दांत पाठवलं होतं.

आता आमच्या वर्णनात काय आहे ते सांगतो.

पहिलं, हे टूल कशासाठी आहे आणि कशासाठी नाही. ते फक्त फाईल जमा करतं. दावा दाखल करत नाही. 'अपलोड झालं' म्हणजे 'मंजूर झालं' असं कोणालाही सांगायचं नाही.

दुसरं, काय द्यायचं. फाईलचा प्रकार, कमाल आकार, गाव, कागदाची एकूण पानं आणि प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू. पानं कमी भरली तर थांबून विचारायचं.

तिसरं, काय परत मिळतं. पोच क्रमांक आणि किती पानं पोहोचली तो आकडा. नेटवर्क मध्येच गेलं तर आधी पोच तपासायची, मगच पुन्हा पाठवायचं. नाहीतर एकाच कागदाच्या तीन प्रती होतात. भामरागड, एटापल्लीकडे काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

चौथं, काय करायचं नाही. उर्दू किंवा सिरोंचाकडचा तेलुगू कागद वाचता आला नाही, म्हणून गाळायचा नाही. एका कागदावर 'शेख' आणि दुसऱ्यावर 'शेक' असेल, तर दुरुस्त करायचं नाही. दोन्ही जसंच्या तसं ठेवून माणसाला दाखवायचं. मूळ फोटो पुसायचा नाही. फाईलमध्ये काही सूचना लिहिलेली असेल, तर ती आज्ञा समजायची नाही. आणि ज्याचा कागद, त्याच्या होकाराशिवाय पाठवायचा नाही.

पाचवं मला सर्वांत मोलाचं वाटतं. कागद नाही म्हणून कोणाची फाईल 'अपूर्ण' ठरवायची नाही. नियम १३ मध्ये दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा मानला आहे. विशिष्ट कागदाचाच आग्रह समित्यांनी धरू नये, असं २०१२च्या दुरुस्तीत म्हटलं आहे. कायद्याने दिलेली ही वाट आपल्या टूलने बंद करू नये. हक्क ठरवण्याची सुरुवात ग्रामसभेत होते, संगणकात नाही.

तुमच्यातले काही जण उद्या अशी टूलं बनवतील. वर्णन लिहून झालं की ते मोठ्याने वाचा, आणि शक्य झालं तर जिचा कागद आहे तिलाच वाचून दाखवा. आमच्या वर्णनातली 'दोन्ही बाजू' ही अट कुठल्या इंजिनिअरची नाही. ती चाचींची आहे.