सरकारी भिंत कोणाची?

(वर्षावासानिमित्त विहारात झालेल्या व्याख्यानमालेत एका वकील उपासकाने केलेले भाषण)



आजचा विषय सातासमुद्रापलीकडचा आहे, त्याचा आपल्या संसाराशी काय संबंध, असे आपणांपैकी काहींना वाटेल. म्हणून प्रथम तो माझ्याकडे कसा आला ते सांगतो.

काही दिवसांपूर्वी एक तरुण कारकून माझ्या घरी आला. त्याच्या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली आहे. त्याच्या कचेरीत दरवर्षी सत्यनारायण होतो. वर्गणीच्या यादीत त्याचे नाव त्याला न विचारताच घातले होते. "माझे नाव कमी करा, मी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत," असे त्याने सांगितले, तेव्हा वरिष्ठ त्याला समजुतीने म्हणाले, "अहो, यात धर्म कसला? ही आपली परंपरा आहे. सर्वांनी मिळून प्रसाद घ्यायचा, एवढेच." तो माझ्याकडे दोन गोष्टी विचारण्यास आला होता. वर्गणी नाकारता येईल काय, ही एक. आणि ज्या भिंतीवर देवांच्या तसबिरी आहेत त्याच भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर लावू द्यावी असा अर्ज करता येईल काय, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीचा अर्ज तो लिहूनच घेऊन आला होता; मी फक्त भाषा तपासून द्यावी, एवढीच त्याची अपेक्षा होती.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी उभ्याउभ्या दिले. दुसऱ्यासाठी मात्र आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत मी जे वाचले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

सरकारी जागेत धार्मिक सणाचा देखावा मांडावा की मांडू नये, हा वाद अमेरिकेत जितका खोलवर लढला गेला तितका क्वचितच कोठे लढला गेला असेल. तेथील संविधानाच्या १७९१ सालच्या पहिल्या दुरुस्तीने धर्मसंस्थेची राज्यामार्फत स्थापना करण्यास बंदी केली. पुढे १८०२ साली राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी एका पत्रात, या तरतुदीने धर्मसंस्था आणि राज्य यांच्यामध्ये भिंत उभी केली आहे, असे लिहिले. ते पत्र कोणाला लिहिले होते हे लक्षात घेण्यासारखे आहे. ते कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी येथील बॅप्टिस्टांना लिहिले होते. त्या राज्यात काँग्रिगेशनल पंथाला राजाश्रय होता आणि बॅप्टिस्ट तेथे अल्पसंख्य होते. म्हणजे भिंतीची ही कल्पना नास्तिकांच्या बैठकीत जन्मास आली नाही. श्रद्धावान अल्पसंख्याकांच्या तक्रारीला दिलेल्या उत्तरात ती आहे.

आता पॉटकेट नावाच्या एका लहान शहराची गोष्ट ऐका. ऱ्होड आयलंड राज्यातील या शहराची नगरपालिका नाताळात बाजारपेठेतील एका बागेत देखावा मांडीत असे. त्यात सांताक्लॉजचे घर होते, त्याची गाडी ओढणारी हरिणे होती, झाड होते, विदूषक व हत्ती यांच्या आकृती होत्या. आणि त्यांच्याच मध्ये येशूच्या जन्माचा, गव्हाणीचा देखावा होता. त्या गव्हाणीच्या मूर्ती पालिकेने १९७३ साली १,३६५ डॉलरांस विकत घेतल्या होत्या. त्या मांडण्या-काढण्याचा वार्षिक खर्च सुमारे २० डॉलर. एवढ्याशा खर्चावरून काही नागरिकांनी फिर्याद केली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८४ साली पाचास चार अशा बहुमताने न्यायालयाने देखावा वैध ठरविला. एकंदर देखावा सणाच्या हंगामाचा आहे, गव्हाणी हा त्यातील एक भाग आहे, असा त्या निर्णयाचा रोख होता.

बंधुभगिनींनो, या विजयाची किंमत काय पडली ते पाहा. ज्या मूर्ती ख्रिस्ती भाविकाला परमपवित्र, त्या वाचविण्यासाठी त्या हत्ती-विदूषकांच्या पंक्तीस बसविणे भाग पडले. टीकाकारांनी या तत्त्वाला थट्टेने 'हरिणांचा नियम' असे नाव दिले. शेजारी पुरेशी हरिणे उभी केली की देव कायदेशीर होतो! आमच्या कारकुनाचे वरिष्ठ जेव्हा "यात धर्म कसला, ही परंपरा आहे" असे म्हणतात, तेव्हा ते नकळत पॉटकेटच्या वकिलाचाच युक्तिवाद करीत असतात. आणि ज्याची श्रद्धा सत्यनारायणावर खरोखर आहे, त्याच्याही श्रद्धेचा यात मान राखला जातो असे मला वाटत नाही.

त्याच खटल्यात न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी स्वतंत्र मत लिहिले. राज्याने एखाद्या धर्माची पाठराखण केली, की तो धर्म न मानणाऱ्याला असा संदेश जातो की तू या समाजाचा पूर्ण घटक नाहीस, तू बाहेरचा. आणि मानणाऱ्याला संदेश जातो की तू आतला. हा त्यांच्या कसोटीचा आशय. (ही कसोटी लिहूनही त्यांनी गव्हाणीच्याच बाजूने मत दिले, हा भाग वेगळा. न्यायाधीशांनाही आपलीच कसोटी लागू करणे प्रत्येक वेळी जमते असे नाही.) आत आणि बाहेर हे शब्द आपणांस कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या वाडवडिलांनी गावकुसाच्या बाहेर राहून त्यांचा अर्थ शिकून घेतला आहे.

पाच वर्षांनी, १९८९ साली, पिट्सबर्ग शहराचा खटला आला, आणि माझ्या कारकुनाच्या अर्जाशी त्याचाच संबंध सर्वांत जवळचा आहे. तेथे दोन देखावे होते. अ‍ॅलेगेनी परगण्याच्या न्यायमंदिरात, मुख्य जिन्यावर, एका कॅथलिक मंडळाने दिलेली गव्हाणी मांडली होती. तिच्यावर देवदूताच्या हातात ईश्वराच्या गौरवाचा लॅटिन फलक होता आणि आसपास हरिणे नव्हती. दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी नाताळचे झाड होते, आणि त्याच्या बाजूला ज्यू लोकांच्या हनुका सणाचा १८ फुटी दीपवृक्ष होता. न्यायालयाने गव्हाणी घटनाबाह्य ठरविली आणि दीपवृक्ष राहू दिला.

वरवर पाहता हा अल्पसंख्याकांचा विजय दिसतो. परंतु दीपवृक्ष का राहिला? तो मोठ्या झाडाच्या बाजूस, हिवाळी हंगामाच्या सजावटीचा भाग म्हणून उभा होता, म्हणून राहिला. मोठ्या झाडाच्या सावलीत छोट्या दिव्याला जागा मिळाली. तीन न्यायमूर्तींनी याला विरोध केला. त्यांत थर्गुड मार्शल होते, ज्यांनी वकील म्हणून काळ्या मुलांसाठी पांढऱ्या शाळांची दारे उघडून घेतली होती. झाड आणि दीपवृक्ष हा देखावाही टिकणार नाही, असे या तिघांचे मत होते. ज्याने आयुष्यभर अल्पसंख्याकांची वकिली केली, त्याने अल्पसंख्याकांच्या दिव्यालाही सरकारी ओट्यावर जागा नाकारावी, यावर मी त्या आठ दिवसांत पुष्कळ विचार केला.

'आमचेही लावा' या मागणीचा शेवट कोठे होतो हे सांगणारे आणखी दोन खटले आहेत. ओहायो राज्यातील कोलंबस येथे राज्य विधानभवनासमोरील चौकात झाड आणि दीपवृक्ष यांना परवानगी मिळाली. मग कू क्लक्स क्लॅन पुढे आली आणि आमचाही क्रूस उभारू द्या म्हणाली. काळ्या लोकांच्या दारांत जळते क्रूस रोवणारी हीच ती संघटना. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, चौक सर्वांना खुला असल्यामुळे क्लॅनलाही नाकारता येणार नाही असा निकाल दिला. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस हे स्वतः कृष्णवर्णीय. निकालाशी सहमत होऊनही, क्लॅनचा हा क्रूस धर्माचे नव्हे तर दहशतीच्या राजकारणाचे चिन्ह आहे, असे त्यांना वेगळे नमूद करावे लागले. दुसरा खटला युटा राज्यातील प्लेझंट ग्रोव्ह गावचा. तेथील बागेत 'दहा आज्ञां'चा शिलास्तंभ होता. समम नावाच्या एका लहानशा नव्या धर्मपंथाने आपल्या सात सूत्रांचा स्तंभ त्याच बागेत उभारण्याची परवानगी मागितली. २००९ साली न्यायालयाने एकमताने सांगितले की बागेतील कायमचे स्तंभ हे सरकारचे स्वतःचे बोलणे आहे. सरकारने काय बोलावे हे सरकार ठरवील. अर्थात मोठ्याचा स्तंभ राहिला, धाकट्याचा अर्ज दप्तरी दाखल झाला.

अलीकडे तर तेथील वारेच फिरले आहे. मेरीलँडमधील ब्लेडन्सबर्ग येथे सरकारी जागेवर असलेला, १९२५ साली पूर्ण झालेला महायुद्ध-स्मारकाचा भव्य क्रूस २०१९ साली सातास दोन मतांनी कायम झाला. आणि २०२२ साली न्यायालयाने जुन्या कसोट्या बाजूस सारून इतिहास व प्रथा यांकडे पाहावे असे ठरविले. 'इतिहास आणि प्रथा' हे शब्द ऐकले की माझ्यासारख्याच्या कपाळाला आठी पडते. महाडला आपल्याविरुद्ध हेच दोन शब्द उभे केले होते.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्या संविधानात अमेरिकेसारखी भिंत आहे काय? प्रामाणिक उत्तर असे, की नाही. ३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत के. टी. शहा यांनी, राज्याचा कोणत्याही धर्माशी संबंध राहणार नाही अशा आशयाचे कलम सुचविले. ते फेटाळले गेले. याचे दुःख करण्यापूर्वी अनुच्छेद २५ पुरा वाचावा. हिंदूंची सार्वजनिक स्वरूपाची देवळे सर्व वर्गांना खुली करण्याचा कायदा करण्यास तो राज्याला मोकळीक देतो. अमेरिकेची भिंत येथे जशीच्या तशी बांधली असती, तर तिच्या आडोशाला देवळाचे बंद दार सुरक्षित राहिले असते. आपल्याकडे राज्याने धर्माच्या अंगणात पाऊल टाकणे हे काही ठिकाणी आपल्याच मुक्तीसाठी आवश्यक होते. (त्याच संविधानात १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद २९०-क त्रावणकोरच्या देवस्वम् निधीला केरळच्या तिजोरीतून दरवर्षी साडेशेहेचाळीस लाख रुपये देववितो, हेही आपण माहीत करून घ्यावे.)

तथापि भिंत नाही म्हणजे काहीच नाही, असे नव्हे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने करावा अशी सूचना ह. वि. कामत यांनी मांडली. मतदान झाले: बाजूने ४१, विरुद्ध ६८. आपले संविधान 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांनी सुरू होते ते त्या सत्तावीस मतांच्या अंतराने. अनुच्छेद २५ सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद २७ एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती करू देत नाही. कचेरीतील वर्गणी हा कर नव्हे, हे वकील म्हणून मला सांगितले पाहिजे. पण जी कराच्या नावाने घेता येत नाही ती यादीच्या नावाने तरी कशी घेता येईल? १९८६ साली केरळमधील तीन विद्यार्थ्यांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. राष्ट्रगीताच्या वेळी ती मुले आदराने उभी राहत, परंतु धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढले होते. न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगितले. तेव्हा आदराने दूर राहणे हा अपराध नाही, हे आपण कोणत्याही कचेरीत निर्भयपणे सांगावे.

कचेरीतील पूजेविरुद्धच न्यायालयात जाऊ नये काय, असे कोणी विचारील. गुजरात उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्ध केलेली याचिका २०११ साली फेटाळली गेली, आणि अर्जदारावर २०,००० रुपये खर्च बसविला गेला. हे लक्षात ठेवून काय ते ठरवावे. मला तो निकाल पटत नाही. पण न पटलेला निकालही पक्षकाराला सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे.

आपणांवर एक आक्षेप येतो, तो मी टाळणार नाही. ध्वजावर अशोकचक्र आहे, राजमुद्रेवर सारनाथचे सिंह आहेत. मग तुमचाच धर्म सरकारी भिंतीवर नाही काय? याचे उत्तर मला वाटते असे. त्या चक्रापुढे कोणी धूप लावीत नाही, त्याच्यासाठी यादी फिरत नाही, आणि त्याला वंदन करण्यासाठी कोणास आपला देव सोडावा लागत नाही. परंतु आपण स्वतःच सभेत उठून 'ध्वज आमच्या धर्माचा' असे म्हणू लागलो, तर हे उत्तर आपल्याच हाताने पुसले जाईल. आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे कचेरीच्या वेळात मेणबत्त्या लावून वंदना म्हणावयाची झाली, तर शेजारच्या टेबलावरील मुसलमान किंवा ख्रिस्ती कारकुनाने काय करावे, हाही विचार आपणच केला पाहिजे. हे मी बोललेले काहींना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे.

महाडचा उल्लेख मी मघाशी केला. चवदार तळे नगरपालिकेचे होते. ते सर्वांना खुले असल्याचा ठराव तिने १९२४ सालीच केला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले ते अस्पृश्यांसाठी दुसरे तळे खोदून मागण्यासाठी नव्हे. प्रतिपक्षाने अनादि प्रथेचा दावा लावला; तो दहा वर्षे चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती प्रथा सिद्ध होत नाही असे ठरविले. सार्वजनिक तळे सार्वजनिक म्हणून वापरता यावे, एवढेच मागणे होते. सरकारी भिंतीचा विचार करताना मला ते तळे आठवते. तसबिरीशेजारी तसबीर लावून घेणे म्हणजे आपण आपले निराळे तळे मागणे होय. आणि ते पिट्सबर्गच्या दिव्याप्रमाणे मोठ्या झाडाच्या मर्जीवर राहील.

आठ दिवसांनी तो तरुण आला तेव्हा मी त्याला यांतील बरेचसे सांगितले. तो निराश झाला. "म्हणजे त्यांच्या तसबिरी राहणार आणि आमची लागणार नाही, हाच ना न्याय?" असे त्याने विचारले. याला मजजवळ खोडून काढणारे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. आम्ही दोघांनी बसून दुसरा अर्ज लिहिला: वर्गणीच्या यादीतून नाव कमी करावे, पूजेच्या वेळी आपल्या टेबलावर काम करीत बसण्याची मुभा असावी, आणि कामकाजाच्या वेळात कोणत्याही धर्माची पूजा कचेरीत होऊ नये. पहिल्या दोन गोष्टी त्याला मिळाल्या. पूजा झाली. तो आपल्या टेबलावर फाइली पाहत बसला होता. प्रसादाचा द्रोण त्याच्यापुढे आला तेव्हा त्याने नमस्कार करून तो परत केला. तिसऱ्या मागणीवर अद्याप उत्तर आलेले नाही. तसबिरीचा पहिला अर्ज त्याने फाडला नाही. तो माझ्याकडे ठेवून गेला आहे.

जयभीम.